साधा ठेका मोठा की हातातली तयारी? (ड्रमर आणि ड्रमरला सहन करणारे, दोघांसाठी)

उलटा_पॅराडिडल

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

मी ड्रम किट वाजवतो, सात वर्षं झाली. रोज दीड-दोन तास पॅडवर घासतो. ४० च्या ४० रुडिमेंट्स, म्हणजे काठ्यांचे पायाभूत पाठ, येतात (फ्लॅमवाली दोन-तीन अजून लंगडतात, पण येतात), लिनिअर फिल्स (फिल म्हणजे ओळीच्या शेवटी ठेका सोडून टाकलेला तुकडा), पाच-पाच सात-सातचे ग्रुप, सगळं चालतं. तर गेल्या महिन्यात आमच्या बँडचं पहिलं गाणं रेकॉर्ड करायला बसलो. संथ गाणं, ६८ बीपीएम (मिनिटाला ६८ मात्रा), ड्रमला तसं काही कामच नाही त्यात. मी चार टेक दिले. पाचव्याच्या आधी रेकॉर्डिंगवाल्याने टॉकबॅकवर (काचेपलीकडून आमच्या हेडफोनमध्ये बोलायचा माइक) विचारलं, "एकदा फिल न टाकता वाजवता का?" वाजवलं. मग काचेपलीकडे टॉकबॅक बंद आणि सगळ्यांची तोंडं हलतायत. ज्यांनी हे हेडफोन लावून बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

गिटारवाल्याचा चुलतभाऊ सहज म्हणून सोबत आला होता. तीन वर्षं वाजवतोय, पॅराडिडल (अगदी सुरुवातीची रुडिमेंट) म्हटलं तर "हो ते ऐकलंय" म्हणतो. त्याला बसवलं. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (समोरचा खणखणीत ड्रम), हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी). अख्ख्या गाण्यात दोन फिल, त्यातला एक म्हणजे स्नेअरवर चार सरळ टोले, बस. आणि च्यायला गाणं बसलं हो. माझ्या टेकला आमची गायिका शब्दांचा कागद बघत गात होती, त्याच्या टेकला तिने डोळे मिटले.

राग त्याच्यावर नाहीये, पोरगा चांगला आहे. पण मग मी सात वर्षं काय केलं? फील ही जन्मजात गोष्ट आहे का, आणि असेल तर आम्ही बाकीच्यांनी काठ्या विकून टाकायच्या का? मनापासून विचारतोय, "दोन्ही महत्त्वाचं असतं" असलं गुळगुळीत उत्तर देणार असाल तर नका देऊ.

नुसता_वाचक

पेटणार हा धागा. पुढच्या रांगेत जागा धरून ठेवली आहे.

खर्ज

बेसवाला आहे, त्यामुळे ड्रमरांबरोबर संसार करण्याचा अनुभव दांडगा. तेव्हा आधी बोलून घेतो.

ड्रमर लोकांना वाटतं आम्ही त्यांचे हात बघतो. नाही बघत. मला माझ्या जागेवरून एवढंच हवं असतं की पुढचा किक कुठे पडणार हे मला तो पडायच्या आधी कळलं पाहिजे. ते कळलं की मी माझा सूर त्याच्या अंगावर टेकवतो आणि दोघांचा मिळून एक आवाज होतो, आणि नाही कळलं की मी अर्धं लक्ष तुझ्या पायावर ठेवून वाजवतो, म्हणजे गाण्याकडे उरलेलं अर्धंच. तू सातचे ग्रुप टाकतोस तेव्हा समेवर बरोबर येतोसही कदाचित, पण मधल्या चार सेकंदांत आम्ही बाकीचे सगळे श्वास रोखून बसलेलो असतो की हा येतोय का परत. त्या चुलतभावाच्या वेळी कुणी श्वास रोखला नाही, फरक तेवढाच.

एक उदाहरण. स्टॅक्स या अमेरिकन सोल रेकॉर्ड कंपनीचे ड्रमर अल जॅक्सन ज्युनिअर. १९६५ मधलं 'इन द मिडनाइट अवर' ऐका. दोन आणि चारवरचा स्नेअर किंचित मागे पडतो, प्रत्येक वेळी, आणि गिटारवाला स्टीव्ह क्रॉपरही त्याच्याबरोबर तेवढाच मागे पडतो. त्या काळी 'जर्क' नावाचा नाच चालायचा, त्यातल्या झटक्याशी जुळावं म्हणून तसं केलेलं. कागदावर लिहिलं तर नवशिक्यांच्या पुस्तकातलं पहिल्या पानावरचं लेसन आहे ते. वाजवून बघा आणि मग सांगा.

दोन_पेडल

आला, "फील"वाल्यांचा जत्था आला.

मी मेटल वाजवतो आणि हे प्रवचन मला दर सहा महिन्यांनी ऐकावं लागतं म्हणून जरा कडक बोलतो. फील हे पांघरूण झालंय. सराव नको, मेट्रोनोम नको, विचारलं की "मी फीलवर वाजवतो". अरे मग तो ठेका तिसऱ्या मिनिटाला पळायला का लागतो तुझा? पाय दमला म्हणून. पाय दमणं ही तंत्राची भानगड आहे, आत्म्याची नाही.

२०० बीपीएमला सिक्स्टींथ (एका मात्रेत चार टोले) वाजवायच्या तर दोन टोल्यांमध्ये ७५ मिलिसेकंद असतात. त्यात मागे राहायचं की पुढे हे ठरवायला आधी तिथे आरामात राहता आलं पाहिजे. आणि तुमचे ते फीलचे देव, जॉन बॉनम, १९६९ मध्ये लेड झेपलिनच्या पहिल्या आल्बमच्या पहिल्याच गाण्यात एका पेडलवर किकचे ट्रिप्लेट (तीन-तीनचे टोले) काढतो. लोकांना वाटलं दोन पेडल आहेत. एक पाय! त्याला विचारा की सराव न करता आला का तो.

उलटा_पॅराडिडल, काठ्या विकू नकोस. विकायच्याच असतील तर मला दे.

घोस्ट_नोट

@दोन_पेडल, उदाहरण बरोबर, राग जास्त.

मला वाटतं प्रश्नच चुकीच्या ठिकाणी कापलाय. 'रोझॅना' घ्या, टोटो, १९८२. जेफ पोर्कारो. ऐकताना वाटतं काय निवांत चाललंय, मान आपोआप हलते. आता बसा किटवर आणि वाजवा. हाफ-टाइम शफल आहे, म्हणजे उजवा हात हॅटवर ट्रिप्लेटची पहिली आणि तिसरी वाजवतोय, डावा हात मधली मोकळी जागा घोस्ट नोटने भरतोय, इतकी हळू की काठी कातड्यापासून दोन बोटंसुद्धा वर जात नाही, आणि मग तोच डावा हात तिसऱ्या मात्रेवर सणसणीत बॅकबीट देतो आणि लगेच पुढच्या घोस्टसाठी पुन्हा खाली. मोठ्यातून लहान आवाजावर एका क्षणात उतरायचं. मला हे सहा आठवडे जमत नव्हतं. माझ्या सगळ्या घोस्ट नोट्स जिवंत निघायच्या.

पोर्कारो स्वतःच सांगायचे की हा ठेका त्यांनी बर्नार्ड पर्डीचा शफल, बॉनमचा 'फूल इन द रेन'मधला ठेका आणि बो डिडलीचा ठेका असं एकत्र करून जुळवला. म्हणजे हे "सहज" वाजवणं तीन लोकांचं बारकाईने ऐकून, कापून, शिवून झालेलं आहे. ह्याला साधं म्हणायचं की अवघड? फील म्हणायचं की तंत्र? मला तरी सांगता येत नाही.

उलटा_पॅराडिडल

@घोस्ट_नोट, रोझॅना मला येतं :( तेच तर दुखणं आहे. अवघड दिलं की येतं, सोपं दिलं की येत नाही.

आणि बीटल्सच्या रिंगोचं काय? त्याला काय तंत्र होतं? जगातला सगळ्यात यशस्वी बँड आणि ड्रमर साधासुधा.

खर्ज

"रिंगोला तंत्र नव्हतं" हे वाक्य सार्वजनिक ठिकाणी लिहिल्याबद्दल तुला एक दिवस हॅट-क्लच न घट्ट करता वाजवायची शिक्षा.

तो डावरा आहे आणि उजव्या हाताच्या किटवर वाजवतो. त्यामुळे टॉमवर फिरायची वेळ आली की त्याचा हात आपल्याला अपेक्षित असतो त्या बाजूने निघतच नाही, म्हणून त्याचे फिल्स तसे अडखळल्यासारखे, मधे जागा सोडलेले लागतात. 'कम टुगेदर' वाजवणारा जवळजवळ प्रत्येक उजवा ड्रमर तिथे गडबडतो, टोले तेच असतात तरी ते तसं लागत नाही. त्याने स्वतःची अडचण झाकली नाही, तिच्यातूनच बोलला. हे तंत्र नाही तर काय आहे.

फेडर_खाली

रेकॉर्डिंग करतो, पोटापाण्याचा धंदा आहे. (धागाकर्त्याचं सेशन मी केलेलं नाही, आधीच सांगतो, टॉकबॅक बंद करून बोलणारे आम्ही सगळेच असतो.)

मी ह्या वादाकडे स्क्रीनवरून बघतो. ड्रमरचा टेक आला की ग्रिडवर (स्क्रीनवरच्या मात्रांच्या रेघांवर) त्याच्या स्नेअरचे डोंगर दिसतात. ६८ बीपीएमला एक मात्रा साधारण ८८० मिलिसेकंदांची. आता एखाद्याचा स्नेअर दर वेळी ग्रिडच्या पंधरा-वीस मिलिसेकंद मागे पडत असेल तर मी त्याला हात लावत नाही, ते गाण्याचं बसणं आहे. दुसऱ्याचा एकदा दहा पुढे, एकदा तीस मागे, एकदा बरोबर रेघेवर. सरासरी काढली तर हाच जास्त "अचूक" ठरेल! पण ऐकायला पाय मुरगळल्यासारखं लागतं. त्यामुळे कुणी मला फील म्हणजे काय विचारलं तर मी म्हणतो, तीच चूक प्रत्येक वेळी तेवढीच करणं. थोडं वात्रट उत्तर आहे पण मिक्स करताना कामाला येतं.

दुसरी गोष्ट ह्या धाग्यात अजून कुणी काढलीच नाही, तिचं मला आश्चर्य वाटतंय. आवाजाचा तोल. किटमधल्या किटमध्ये. बहुतेक तयारीचे ड्रमर हाय-हॅट फार जोरात मारतात. का, तर सबडिव्हिजन त्यांना स्वतःला ऐकायची असते. ती हॅट मग स्नेअरच्या माइकमध्ये शिरते, ओव्हरहेडमध्ये (किटच्या वर लावलेल्या माइकमध्ये) शिरते, गाणाऱ्याच्या आवाजातले स-श सगळे तिच्याखाली चिरडतात आणि मी मिक्समध्ये काही करू शकत नाही कारण स्नेअर वर घेतला की हॅट बरोबर येते. किक मात्र मिळमिळीत. साधं वाजवणाऱ्या चांगल्या माणसाचं उलट असतं: किक भरदार, स्नेअर दर वेळी कातड्याच्या त्याच टिचभर जागेवर, हॅट जेमतेम. फेडर सगळे एका रेषेत ठेवले तरी मिक्स झाल्यासारखं वाटतं.

चार्ली वॉट्सचे व्हिडिओ बघा (गेले ते, २०२१ मध्ये). दोन आणि चारवर स्नेअर पडताना उजवा हात हॅटवरून उचलतात, तिथे हॅट वाजतच नाही. स्नेअरला एकट्याला जागा. लकब म्हणा, पण माइकमागे बसलेल्या माणसाला ती सोन्यासारखी वाटते.

आणि बॉनमचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', १९७१. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या जिन्याखालच्या प्रवेशदालनात किट, आणि वर जिन्यावरून खाली सोडलेले दोन माइक. दोन! प्रत्येक ड्रमला वेगळा माइक नाही. म्हणजे किक किती आणि झांज किती हा तोल त्याच्या हातापायातच होता. ठेका काय आहे? कुणालाही महिन्याभरात येईल असा.

@उलटा_पॅराडिडल, तुमचा टेक असेल तर ऐकवा. फिल राहू द्या बाजूला, हॅट किती वाजतेय ते मला ऐकायचंय.

दोन_पेडल

@फेडर_खाली, हे पटलं. हे तुम्ही "फील" न म्हणता सांगितलंत म्हणून पटलं.

उशिरा_सुरुवात

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ड्रम शिकायला लागले, आता दीड वर्ष झालं, त्यामुळे चर्चेत पडायची लायकी नाही पण एक अनुभव सांगते.

माझ्या सरांनी पहिले तीन महिने मला एकच ठेका दिला. ६० बीपीएम. मला वाटलं सोपं आहे, मेट्रोनोम हळू म्हणजे सोपं ना. छे हो. दोन टिकटिकींमध्ये एवढा वेळ असतो की मनात भाजीच्या यादीपासून ऑफिसच्या मेलपर्यंत सगळं येऊन जातं आणि मग धावत जाऊन पुढची टिक पकडायची. मी प्रत्येक वेळी आधीच पोचायचे. बसस्टॉपवर लवकर जाऊन उभं राहिल्यासारखं, आणि तिथे उभं राहून मग अवघडायचं. १०० ला लावला की झकास वाजायचं! म्हणजे वेगात माझ्या चुका लपत होत्या. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा खरं वाटेना की ही मी आहे.

प्रश्न असा: हे पोकळीत थांबणं येतं कधी? की येतच नाही, सवय होते फक्त?

मास्तर_४०

@उशिरा_सुरुवात, ताई, तुम्ही ज्याला "लायकी नाही" म्हणताय तो प्रश्न ह्या अख्ख्या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा.

मी शिकवतो, बरीच वर्षं. माझ्याकडे येणारे मुलगे-मुली दोन प्रकारचे, एकांना सगळं वाजवता येतं आणि थांबता येत नाही, दुसऱ्यांना थांबता येतं पण हात चालत नाहीत. दुसऱ्यांचं काम सोपं. हात चालवता येतात, वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न. पहिल्यांना वळवताना माझे केस पांढरे झाले.

ती पोकळी भरायची असते, पण हाताने नाही, तोंडाने. ६० ला वाजवताना मधल्या तीन सिक्स्टींथ मनात नको, मोठ्याने म्हणा. लाज वाटेल, वाटू द्या. तोंडाने बोलता येत नसेल तर समजायचं की ती जागा तुम्ही मोजत नाही, अंदाजाने उडी मारताय. हे जमलं की क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) कमी करत जायची. आधी फक्त दोन आणि चारवर. मग प्रत्येक ओळीत (चार मात्रांत) एकदाच. मग दोन ओळी क्लिक, दोन ओळी गप्प. गप्प ओळींनंतर क्लिक परत येते तेव्हा ती तुमच्या आधी येते की नंतर, तेवढं बघायचं. बहुतेकांची क्लिक "उशिरा" येते, म्हणजे ते स्वतः पळालेले असतात. मी ह्याला आरसा म्हणतो. एकाच ठेक्यावर दहा मिनिटं, फिल नाही, क्रॅश नाही. चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो, सहाव्याला हात आखडल्याचं कळतं, आठव्याच्या आसपास कधीतरी खांदे खाली येतात आणि मग पहिल्यांदा ठेका ऐकू यायला लागतो. मुलांना मी तेवढ्यासाठीच दहा मिनिटं देतो, पहिली सात गेली तरी चालतील.

लोक जॉर्ज स्टोनचं 'स्टिक कंट्रोल' (१९३५) हे तंत्राचं पुस्तक म्हणून विकत घेतात आणि पहिलं पान एका दिवसात संपवतात. त्यात लिहिलंय की प्रत्येक ओळ न थांबता २० वेळा. २० वेळा वाजवली की उजवा-डावा आवाज सारखा येतोय का ते ऐकायला लागतो माणूस, करण्यासारखं दुसरं काही उरतच नाही म्हणून. ते ऐकणं हाच धडा. हाताचा वेग हे त्यातून सुटून पडलेलं जोडउत्पादन.

आणि उलटा_पॅराडिडल, काठ्या विकायच्या आधी एक ऐक. रश बँडचे नील पिअर्ट. तंत्रात त्यांच्या वर कुणी नाही असं म्हणणारे लोक जगभर. चाळिशी ओलांडल्यावर नव्वदच्या दशकात तो माणूस फ्रेडी ग्रूबर नावाच्या गुरूकडे जाऊन पुन्हा शिकायला बसला. काठी धरायची पद्धत बदलली, स्टूलची उंची बदलली, कारण स्वतःचंच वाजवणं त्याला ताठ वाटायला लागलं होतं. ग्रूबर त्याला टोल्यांबद्दल कमी आणि दोन टोल्यांच्या मधे काठी हवेत काय करते त्याबद्दल जास्त शिकवत होते. तुझी सात वर्षं वाया गेलेली नाहीत, पण तू फक्त टोल्यांचा सराव केलास.

नुसता_वाचक

"तू फक्त टोल्यांचा सराव केलास." मास्तर, दुपारी अडीच वाजता ऑफिसात असं काही वाचायला लावू नका हो. वाचनखूण साठवली आहे.

काठीमोड

हे सगळं ठीक, पण मग व्हाइट स्ट्राइप्स बँडच्या मेग व्हाइटचं काय? २०२३ मध्ये कुणीतरी ट्विटरवर तिच्या ड्रमिंगची टिंगल केली आणि दोन दिवस अख्खं इंटरनेट ह्याच विषयावर भांडत होतं. 'सेव्हन नेशन आर्मी'चा ठेका माझी भाचीही वाजवते. तरी इथले लोक म्हणणार "फील आहे". प्रसिद्ध झालं की साधेपणाला फील म्हणतात, नाही झालं की त्यालाच कच्चेपणा म्हणतात. असं माझं स्पष्ट मत.

दोन_पेडल

+१. कुणीतरी बोललं एकदाचं.

घोस्ट_नोट

काठीमोड, मुद्दा अर्धा मान्य. प्रसिद्धीने कान बदलतात, खरंय. पण त्या बँडमध्ये दोनच माणसं होती, बेसवाला नाही, आणि गिटारवाला सगळीकडे उधळणारा. तिथे कुणीतरी न हलता उभं राहायला हवं होतं. त्या जागेवर एक तयारीचा, सगळ्या फटी भरणारा ड्रमर बसवून मनात ऐकून बघा. मला तरी दोन माणसं एकाच वेळी बोलतायत असं ऐकू येतं. तिला पोर्कारोच्या जागी बसवलं तर तेही जमणार नाही, हेही तेवढंच खरं.

भाचीला शाबासकी. तिला चार मिनिटं न पळता वाजवायला सांगा, मग बोलू.

काठीमोड

सांगतो. पळेल बहुतेक :)

सॅम्पल_चोर

मी ड्रमर नाही, मशीनवर बीट बनवतो, त्यामुळे इथे मार खायची तयारी ठेवून लिहितो. फील मोजता येत नाही, जन्मजात असतो, वगैरे जे चाललंय ते आमच्या बाजूने बघितलं तर गंमतच वाटते, कारण आम्ही तो बटणावर फिरवतो. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनमध्येच स्विंग (जोडीतला दुसरा टोला किती मागे सरकवायचा ते) होता. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास म्हणजे ट्रिप्लेट, आणि मजा सगळी मधल्या आकड्यांत, ५४, ५८. दोन टक्के इकडे-तिकडे केलं की तोच ठेका आळसावतो नाहीतर घाईला येतो.

पण मग हिप-हॉपचे बीट बनवणारा जे डिला आला (गेला २००६ मध्ये, तिशी नुकती ओलांडलेली) आणि त्याने क्वांटाइझ (टोले आपोआप रेघेवर ओढणं) बंद करून हाताने पॅड बडवले. आणि ते नुसतं "उशिरा" वाजवणं नव्हतं, काही टोले रेघेवर, काही पुढे, काही मागे, एकाच ओळीत. त्याचं एमपीसी मशीन आज स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की क्वेस्टलव्ह, लहानपणापासून तयार झालेला ड्रमर, ज्याचा टाइम घड्याळासारखा, त्याला गायक डिअँजेलोच्या २००० सालच्या आल्बमसाठी खऱ्या किटवर असं झिंगल्यासारखं वाजवायला मुद्दाम शिकावं लागलं. स्वतःचं सरळ वळण मोडावं लागलं. वाकडं वाजवायलाही तयारी लागते राव.

दोन_पेडल

@सॅम्पल_चोर, मार नाही, आदर. वाकडं वाजवायला तयारी लागते हेच मी तिसऱ्या प्रतिसादापासून ओरडतोय.

आता माझ्या बाजूने एक कबुली, लिहायची नव्हती पण मास्तरांचा आरसा काल रात्री करून बघितला. १८० ला डबल किक, दोन ओळी क्लिक दोन ओळी गप्प, आरामात. मग म्हटलं बघू, ६० ला साधा रॉक ठेका. तिसऱ्या गप्प ओळीनंतर क्लिक कुठे आली माहितीये? माझ्या स्नेअरनंतर चांगली पाव मात्रा. पाव! मी पेडलला शिव्या दिल्या. पेडलचा काही संबंध नव्हता.

तरीही तंत्र आधी, हे मत बदललेलं नाही. नोंद असावी.

मास्तर_४०

नोंद घेतली. मत बदलू नका, ६० चालू ठेवा.

खर्ज

अवांतर: डेफ लेपर्डचा रिक अ‍ॅलन. ३१ डिसेंबर १९८४ ला अपघातात डावा हात गेला. तो स्नेअरचं काम डाव्या पायाने, इलेक्ट्रॉनिक पेडलवर करायला लागला आणि १९८७ चा 'हिस्टेरिया' तसा वाजवला. त्याला गाण्यातून काय काढायचं आणि काय ठेवायचं हे नव्याने ठरवावं लागलं असणार. इथे दोन हात दोन पाय शाबूत असलेले लोक काय काढायचं ते ठरवू शकत नाहीत म्हणून आठवलं.

उलटा_पॅराडिडल

तीन आठवड्यांनी येतोय, सॉरी. पळून गेलो नव्हतो, मास्तरांचं ऐकत होतो.

@फेडर_खाली, तुम्ही म्हणालात म्हणून बँडकडून माझा जुना टेक मागवून घेतला आणि स्वतः ग्रिडवर लावून बघितला. आधी हॅटचं सांगतो: स्नेअरच्या ट्रॅकवर हॅट स्नेअरपेक्षा किंचितच लहान दिसतेय. स्नेअरच्या! मला लाज वाटली. सात वर्षांत एकदाही कुणी म्हणालं नाही आणि मलाही ऐकू आलं नाही.

पण खरी गंमत फिलमध्ये नाही, फिलच्या आधी आहे. मी फिल टाकला नाही त्या पाचव्या टेकमध्येसुद्धा चौथ्या ओळीच्या शेवटी माझा ठेका पुढे सरकतो. दर वेळी. जिथे फिल टाकायची सवय आहे तिथे फिल नसतानाही हात तयारीला लागतात, स्नेअर आधी पडायला लागतो, आणि पुढच्या ओळीत किक परत जागेवर. म्हणजे मी वाजवत एक ओळ असतो आणि डोकं पुढच्या ओळीत बसलेलं असतं. खर्ज म्हणतात तसं श्वास रोखणं असेल तर पहिला श्वास मीच रोखत होतो, शब्दशः, मोबाइल पायाशी ठेवून व्हिडिओ काढला तेव्हा दिसलं. फिलची जागा आली की तोंड मिटतं, खांदे वर.

मग आता काय करतोय: दहा मिनिटं एक ठेका, आणि चौथ्या ओळीच्या शेवटी फिलऐवजी श्वास बाहेर सोडायचा, आवाज करून. फुग्यातून हवा जावी तसा आवाज येतो. घरच्यांना वाटतंय मला दम लागतो. पहिला आठवडा काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका दिवशी, नवव्या मिनिटाला वगैरे, हॅट इतकी हळू झाली की मला किकचा बीटर कातड्याला लागून सुटतो तो आवाज ऐकू आला. सात वर्षांत पहिल्यांदा. तो आवाज ऐकायच्या नादात मी पुढच्या सोळा ओळी वाजवल्या आणि एकदाही फिल आठवला नाही.

चुलतभावालाही भेटलो. विचारलं बाबा तू वाजवताना काय विचार करतोस. म्हणाला, "मी शब्द म्हणतो मनात." त्याला सगळं गाणं पाठ आहे. मला माझ्या स्वतःच्या बँडच्या गाण्याचा दुसरा अंतरा येत नव्हता हे तेव्हा लक्षात आलं. (पॅराडिडल शिकवला त्याला. दोन दिवसांत माझ्यापेक्षा बरा वाजवतोय, तो विषय वेगळा.)

नवीन क्लिप खालच्या फोल्डरमध्ये टाकली आहे, ६८ लाच, दहा मिनिटांची आहे, पूर्ण ऐकायची जबरदस्ती नाही.

उशिरा_सुरुवात

पूर्ण ऐकली. भांडी घासताना. लय सुटली नाही, भांड्यांचीही नाही.

खर्ज

ऐकली. चौथ्या मिनिटानंतर मी बेस काढून तुझ्याबरोबर वाजवायला लागलो, ते सांगायला नको होतं पण सांगतो.

फेडर_खाली

हॅट आता छान. किक अजून दोन दाणे वर चालेल. सहा मिनिटं चाळीस सेकंदांना स्टूलवर हललात का? किरकिर ऐकू येतेय आणि त्यानंतरचे दोन स्नेअर थोडे पातळ आहेत.

उलटा_पॅराडिडल

आई डोकावली होती, दम लागलाय का बघायला.